रिकन्सिलिएशन म्हणजे कानशी मोजणं

मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी सिंगापूरहून फोन केला. म्हणाल्या, "भाऊ, कॉलेजच्या वर्कशॉपमधलं काहीतरी लिहून पाठवा. शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ." शुद्धलेखन खुशाल बघा, बाई. मजकुराला मात्र हात लावायचा नाही. एकानं मारलेल्या टाक्यावर साफसूफ न करता दुसऱ्यानं टाका मारला, की वेल्डिंगचा जोड हमखास तिथंच तडकतो. मग दोघंही म्हणतात, तो माझा नव्हेच.

मी हातानं लिहितो आणि माझी मुलगी सुमन टाईप करते. ती नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते, मी तिच्याकडेच असतो. तीही मजकुराला हात लावणार नाही असं ठरलंय.

माझं शिक्षण चौथी. आमचं गाव अकोले तालुक्यातलं, महादेव कोळ्यांचं. गाव धरणात जाणार असं ठरलं तेव्हा पाणी यायच्या कितीतरी आधी मास्तरांची बदली झाली, त्यामुळे पाचवी राहिली. त्याच धरणावर मी आधी पाट्या वाहिल्या, मग गॅसकटरवाल्याचा हेल्पर झालो, मग वेल्डर. ज्या दरवाज्यांनी पुढे आमच्या गावावर पाणी अडवलं, त्यांच्यात माझ्या हातचे जोड आहेत आणि त्यांतून अजून थेंब गळलेला नाही. चांगलं काम केल्याची अशी चुटपुट फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. नंतर मुंबईची गोदी, गोदीतून सिंगापूरचं शिपयार्ड, आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिथल्या एका साहेबानं मला एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लावून दिलं. आडनाव लोहकरे. लोखंडापासून पळून जाणार कुठं.

वर्कशॉप असिस्टंट म्हणजे काय ते सांगतो, कारण मंडळात बरेच जण मला बरीच वर्षं प्रोफेसर समजत होते आणि कळल्यावर नमस्कार जरा आखडता घेत होते. पहिल्या वर्षाची मुलं येतात. गणितात सगळी पहिली आलेली असतात. त्यांच्या हातात लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस द्यायची आणि सांगायचं, घासून सपाट कर. घासून झाल्यावर त्यावर गुण्या ठेवून उजेडाला धरायचं. खालून उजेड दिसला की परत घास. मुलगा म्हणतो, "अंकल, सपाट आहे." मी म्हणतो, "तू सांगून काय उपयोग, ठोकळ्याला सांग." पहिल्या आठवड्यात हाताला फोड येतात, दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन येतो. आज मोठमोठे पूल बांधणारे लोक आहेत, त्यांच्या हाताला पहिला फोड मी आणलाय.

त्यानंतर वेल्डिंग. त्याचं पहिलं वाक्य माझं ठरलेलं होतं, मोडक्या इंग्रजीतच: जोडणं म्हणजे चिकटवणं नव्हे, दोन्ही कडा थोड्या थोड्या वितळल्या पाहिजेत. एकच वितळली तर तो जोड नाही, नुसता लेप आहे. हे वाक्य माझं नाही. वेल्डिंगच्या कांड्यांच्या खोक्यावर छापलेलं असायचं, चित्रासकट. पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

वर्कशॉपचं स्टोअर पाक मातकडे होतं. पाक म्हणजे मलायमध्ये वडीलधाऱ्याला म्हणायचा शब्द, आपल्या काकांसारखा. हत्यारं त्याच्या खिडकीतून घ्यायची, बदल्यात आपला पितळी बिल्ला ठेवायचा. मंडळातले लोक मला भाऊ म्हणतात हे त्याला कळलं त्या दिवशी तो पोट धरून हसला. मलायमध्ये बाऊ म्हणजे वास, आणि चांगल्या वासाला ते वेगळा शब्द वापरतात. त्यानंतर तो मला बाऊच म्हणू लागला. आमची भाषा बाजारी मलाय, थोडी हिंदी आणि उरलेली हातवाऱ्यांची. त्याचा आजा जोहोरच्या खाडीत बोटीवरच जन्मला आणि बोटीवरच वाढला. त्या लोकांना ओरांग लाउत म्हणतात, दर्याची माणसं. कॉलेज नव्हतं, विमानतळ नव्हता, तेव्हाचे ते लोक. मग बोटीवरून पुलाउ उबीन बेटावरच्या घरात आले, तिथून सरकारी फ्लॅटमध्ये. ओळखपत्रावर नुसतं मलाय लिहिलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

सेरंगून भागात जांभळी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, नुकतीच सुरू झाली होती त्या सुमाराची गोष्ट. नोटीसबोर्डावर कागद लागला: अमुक तारखेला कॉलेजात रिकन्सिलिएशन डे, सर्व विभागांनी तयारी ठेवावी. आता वर्कशॉपमध्ये या शब्दाचा अर्थ एकच. वर्षाच्या शेवटी स्टोअरमधल्या सगळ्या कानशी, छन्न्या, हातोडे मोजायचे आणि बघायचं: गेलं काय, नेलं कुणी, परत येणार कधी. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत दार बंद. त्याप्रमाणे त्या दिवशी आम्ही दोघांनी दार बंद केलं आणि कानशी मोजायला बसलो. बाहेरून कुणीतरी ठोठावत होतं. पाक मात ओरडला, "आज कुणाला काही मिळणार नाही. रिकन्सिलिएशन आहे."

ठोठावणारे आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर आपटे होते. माणूस पुण्याचा, मंडळाच्या गणपतीत आरत्यांना पुढे. कामाच्या वेळी मला मिस्टर लोहकरे म्हणायचे, त्यांचं काही काम असलं की किसनराव. आत आले आणि कानशींचे ढीग बघून म्हणाले, "किसनराव, अहो, ते रिकन्सिलिएशन नाही हे. हे म्हणजे सलोखा."

"कुणाचा?"

"मूळ रहिवाशांशी."

"त्यांचं काय हरवलंय?"

आपटे म्हणाले, "तसं नसतं ते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आमच्या कॉलेजचा ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता, पदवी दोघांची मिळून. त्यांच्याकडे नियम असा की इंजिनिअरिंगच्या शिक्षणात त्या भूमीच्या मूळ लोकांना सामील करून घ्यायचं. त्यांचं ज्ञान अभ्यासात आणायचं, त्यांच्या मुलांना जागा द्यायच्या आणि कुठल्याही कार्यक्रमाच्या सुरुवातीला म्हणायचं की आम्ही आज अमुक लोकांच्या भूमीवर उभे आहोत, त्यांना आमचं वंदन. 'अमुक'च्या जागी रिकामी जागा सोडलेली होती. चौथीच्या पेपरात असायची तशी.

मी विचारलं, "वंदन केल्यावर भूमी परत देतात का?"

"नाही हो. वंदन करतात."

आमच्या गावच्या वेळी वंदन कुणी केलं नव्हतं एवढाच काय तो फरक, असं मी मनात म्हटलं आणि मोजायला लागलो. एक कानस कमी भरत होती.

थोड्या दिवसांनी त्या विद्यापीठाच्या हेलनबाई आल्या. हा सगळा सलोख्याचा कारभार त्यांच्याकडे. बाई मनानं चांगली, उन्हानं नाक लाल झालेलं, हातात वही. मी मुलांना वेल्डिंगचं पहिलं वाक्य सांगत होतो. दोन्ही कडा वितळल्या पाहिजेत. बाईंनी ते लिहून घेतलं आणि आपट्यांना हळूच काहीतरी विचारलं. आपटे म्हणाले, "मिस्टर लोहकरे इंडिजिनस कम्युनिटीतले आहेत." यात खोटं काहीच नव्हतं. कुठल्या मुलखातले ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी चामडी हातमोजा काढला नव्हता, आणि तो चांगलाच गरम होता. बाईंनी तेही सोसलं.

त्या गेल्यावर आपटे म्हणाले, "किसनराव, बाईंचा जरा गैरसमज झालेला दिसतोय."

"मग दूर करा."

"करू की. पण सध्या राहू दे. तुम्ही एल्डर, म्हणजे मूळ लोकांमधले ज्येष्ठ, म्हणून नुसतं बसायचं. वर्षातून एकदोनदा."

"इथलाच माणूस पाहिजे तर पाक मात आहे की. त्याचा आजा..."

"तेच तर." आपट्यांनी दार लोटून घेतलं. "इथल्या माणसाला खुर्चीवर बसवलं की प्रश्न निघतो, कुणाच्या जागेवर कोण बसलंय. तुम्हाला बसवलं तर कुणाचीच तक्रार नाही."

मी पाक मातला सांगितलं. म्हटलं, मी नाही म्हणणार आहे. त्यानं हातातली कानस पुसून खाली ठेवली. मग म्हणाला, "बस, बाऊ. तू नाही बसलास तर कॅन्टीनचा बांगलादेशी बसवतील. तू बसलास तर खुर्ची निदान वर्कशॉपची."

मलाही आयुष्यात कुणी वर बसवलं नव्हतं. बसून बघावं म्हटलं.

पहिल्याच कार्यक्रमात हेलनबाईंनी विनंती केली की एल्डरनी आपल्या मातृभाषेत दोन शब्द बोलावेत, डॉक्टर आपटे भाषांतर करतील. मला भाषण कुठलं येतंय. पण वेल्डिंगच्या खोलीतला धूर ओढणारा पंखा कित्येक महिने बंद होता, मुलं खोकत होती आणि माझ्या सगळ्या तक्रारी आपट्यांच्या टेबलावर झोपल्या होत्या. मी उभा राहिलो आणि गावच्या मराठीत म्हणालो, "मंडळी, वेल्डिंगचा पंखा बंद पडून दिवस झाले. सायबांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. वरचे लोक एसीत बसत्यात, त्यांना धूर काय ठावा. पंखा चालू करा, न्हाईतर मी हितंच बसून ऱ्हातो."

आपट्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की एल्डर आपल्याला आठवण करून देतात, वाऱ्याशिवाय श्वास नाही. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी वाऱ्याची वाट अडवू नये.

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. इंजिनिअरिंगच्या शिक्षणात मूळ रहिवाशांचा समावेश म्हणतात तो हा असेल, तर माझी हरकत नव्हती. पुढच्या कार्यक्रमात मी ग्राइंडरचं नवं चाक मागितलं. भाषांतरात ते कालचक्र झालं, पण मिळालं.

हे असं मजेत चाललं असतं. पण दुसऱ्या वर्षी त्या विद्यापीठानं खरीखुरी जागा जाहीर केली. पूर्ण पदवीची, तिकडे जाऊन शिकायची, फक्त या भूमीच्या मूळ रहिवाशासाठी.

पाक मातची मुलगी हसना आमच्याच कॉलेजात मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये होती. डिप्लोमा झालेली. लोखंडी सळई यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायची आणि कुठल्या जोराला तुटली ते सांगायचं, हे तिचं काम. तिच्या सळया तुटायच्या, ती स्वतः कधी तुटलेली मी पाहिली नाही. पदवीसाठी तिनं याआधी दोनदा प्रयत्न केला होता आणि या जागेला वयाची अट होती. हे वर्ष गेलं की ती बाद.

एका रविवारी पाक मातनं मला उबीनला त्याच्या बहिणीकडे नेलं. बंबोट म्हणजे तिथली छोटी फेरीबोट, तिच्यातून उतरलं की सायकलींची गर्दी, शहरातले लोक हवा खायला येतात. बहीण घरापुढे मासे वाळत घालत होती. एक सायकलवाला थांबला, विचारलं नाही, काही नाही, तिचा फोटो काढला आणि निघून गेला. हसना पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "अंकल, फोटो काढायला आम्ही ओरिजिनल. जागा मागितली तर म्हणतात प्रूफ आणा."

"ओळखपत्रावर लिहिलंय ना मलाय?"

"मलाय तर सगळेच, म्हणतात. दर्याचे कशावरून? पणजोबांचा जन्म बोटीत झाला, बोटीला पत्ता नाही. आता पॅनेल बसणार. आमचं आमच्या संस्कृतीशी नातं आहे का ते विचारणार." ती हसली. "आणि पॅनेलवर एल्डर कोण, माहीत आहे ना, अंकल? तुम्ही, ला." तिकडे वाक्याला असा ला जोडतात.

पाक मात माशांवरच्या माशा हाकत होता. त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

आता इथं थोडं मागं जावं लागेल.

संस्कृतीशी असलेल्या या नात्याला आपल्याकडे सरकारी शब्द आहे, आप्तभाव. शब्द गोड आहे. सुमनला इंजिनिअरिंगला आदिवासी कोट्यातून प्रवेश मिळाला होता, पण दाखल्याची पडताळणी व्हायची होती. मी सिंगापूरहून रजा काढून तिच्याबरोबर समितीपुढे गेलो. बाहेरच्या बाकावर लोक उत्तरं पाठ करत बसले होते. कुठला देव, कुठला नाच, लग्नात कुठलं वाद्य. एकानं मलाही कागद पुढे केला. मी म्हटलं, मी महादेव कोळी आहे, पाठ कशाला करू.

आत साहेबांनी विचारलं, "तुमच्या लग्नात कोणतं वाद्य वाजतं?"

"बेंजो."

"पारंपरिक?"

"आता परंपरेनं बेंजोच वाजतो."

"नाच कोणता करता?"

"पोरं करतात. कोणता ते त्यांनाही माहीत नसतं."

सुमन टेबलाखालून माझा पाय दाबत होती. साहेब म्हणाले, "लोहकरे, नीट उत्तरं द्या. मुलीचा प्रश्न आहे. देवाचं ठाण कुठं आहे तुमच्या?"

"धरणात. बघायचं असेल तर चला, पण बुडी मारावी लागेल."

साहेबांनी लिहिलं, आप्तभाव आढळून येत नाही. तेव्हा सुमन दुसऱ्या वर्षाला होती. प्रवेश गेला. तिनं साधं बी.एस्सी. केलं आणि शिक्षिका झाली. मला आज परत तिथं बसवलं तरी मी हीच उत्तरं देईन, कारण ती खरी होती. सुमन या विषयावर बोलत नाही. आत्ताही टाईप करताना काही बोललेली नाही.

म्हणजे हिशेब असा झाला: ज्या मुलखात माझे पूर्वज पुरलेत तिथं मी आदिवासी असल्याचं आढळून आलं नाही आणि जिथं मी कामाचा पास घेऊन विमानातून उतरलो तिथं मी आदिवासींचा एल्डर. आणि खऱ्या दर्याच्या मुलीला तपासायला मला बसवणार.

पॅनेलच्या दिवशी टेबलामागे हेलनबाई, आपटे आणि मी. समोर हसना, लॅबचे सेफ्टी बूट घालूनच आलेली. पाक मात भिंतीकडेच्या खुर्चीवर, डोक्यावर शुक्रवारच्या नमाजाची काळी टोपी.

हेलनबाईंनी फार मायेनं विचारलं, "समुद्राची पारंपरिक गाणी येतात का तुला?"

"आजीला यायची. मला कराओकेची येतात."

"होडी कशी बांधतात, घरात कुणी शिकवलं?"

"नाही, मॅम. आम्ही उबीनला बंबोटीनं जातो, तिकीट काढून."

"तुमच्या लोकांचं पवित्र ठिकाण?"

हसनानं जरा विचार केला. "होतं एक. आता तिथं भर घातलीय. वर रस्ता आहे, चार लेनचा. बस जाते."

मला वाटलं ही पोरगी माझी उत्तरपत्रिका बघून लिहितेय. फक्त टेबलाखालून तिचा पाय दाबायला कुणी नव्हतं. बाईंचा चेहरा पडला. त्यांना द्यायचं होतं, पण त्यांच्या नियमात काहीतरी सापडायला हवं होतं, आणि ही बया सापडू देत नव्हती. आपट्यांनी पेनाचं टोपण काढलं. टोपण काढल्यानंतर काय लिहितात ते मला ठाऊक होतं.

"आता आपले एल्डर काही विचारतील," आपटे म्हणाले.

मी म्हटलं, मला विचारायचं नाही, सांगायचंय, आणि मातृभाषेत सांगायचंय. हेलनबाईंनी लगेच वही उघडली. मी आपट्यांकडे वळलो आणि आमच्या गावात जसं बोलतात तसं, शांतपणे बोललो.

"आपटेसायेब, नीट आयका आन् चेहरा हलवू नका, बाई बघत्या. ही पोरगी आत्ता जे बोलली त्येच मी एकदा समितीपुढं बोललो व्हतो, आन् माझ्या पोरीची इंजिनेरची जागा गेली. हिची जानार न्हाई. गेली, तर मी ह्याच खुर्चीवरून बाईला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगनार, का मी अकोले तालुक्यातला हाये, हे बेट मी पासावर बघितलं, आन् तुमी मला हितला आदिवासी म्हनून दोन वर्सं मिरवला. मंग करा रिकन्सिलिएशन."

आपटे हसतमुखानं, अगदी हळू मराठीत म्हणाले, "किसनराव, हे बरं नाही."

"न्हाईच बरं. पन भाषांतर करा."

बाईंना वाटलं दोघा वडीलधाऱ्यांचा काही विधी चाललाय. त्यांनी पेन खाली ठेवून मान झुकवली. पाक मातला माझ्या बोलण्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण तो माझ्याकडे असा बघत होता जसा तो बिल्ला न ठेवता हत्यार नेणाऱ्याकडे बघायचा.

आपट्यांनी पेनाला टोपण लावलं. मग इंग्रजीत म्हणाले, "एल्डर सांगतात की हिच्या उत्तरांत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. हिच्यात त्यांना आपली मुलगी दिसते. आणि हिला परत पाठवलंत, तर ते यापुढे या खुर्चीवर बसू शकणार नाहीत."

आपट्यांनी आजवर माझी बरीच भाषांतरं केली, पण त्या दिवशी एकही शब्द त्यांनी खोटा सांगितला नाही. हेलनबाईंनी डोळे पुसले. आपल्या लोकांची ओळख कागदानं पटवायची नसते, ती ज्येष्ठानंच पटवायची असते, हे त्यांच्या नियमातच कुठंतरी होतं म्हणे. हसनाला जागा मिळाली.

नंतर आपटे वर्कशॉपमध्ये आले. पंख्याखाली उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या मुलीचं मला माहीत नव्हतं, किसनराव."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"नव्हतं विचारलं," ते म्हणाले आणि गेले. पण त्यानंतर कधी त्यांनी मला मिस्टर लोहकरे म्हटलं नाही, काम नसलं तरी.

त्या रविवारी मी फोनकार्ड घेऊन सेरंगूनच्या बूथवरून सुमनला सगळं सांगितलं. अगदी आवाज काढून, आपट्यांचा, बाईंचा, माझा. ती हसली, खूप हसली. मग म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी असं काहीतरी नसतं का बोलता आलं?"

तेवढ्यात कार्डातली बाई बोलली की एक मिनिट राहिलं. ते मिनिट मी तसंच जाऊ दिलं. खिशात दुसरं कार्ड होतं.

हसना तिकडे गेली. पत्रात तिनं बापाला लिहिलं होतं की मूळ रहिवाशांच्या दिवशी पारंपरिक पोशाख घालून यायला सांगितलं होतं, मी सेफ्टी बूट घालून गेले, कुणी काही बोललं नाही. त्या वर्षअखेरच्या मोजणीत आणखी एक कानस कमी भरली. गेलं काय, नेलं कुणी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, परत कधी एवढंच नव्हतं. हसना पदवी घेऊन आली तेव्हा तिनं ती कानस खिडकीतून आत सरकवली, नवी लाकडी मूठ बसवून, आणि स्वतःचा पितळी बिल्ला परत मागितला. पाक मातनं तो वर्षानुवर्षं वरच्या खिळ्याला टांगून ठेवला होता.

मी निवृत्त झालो तेव्हा आपट्यांना म्हटलं, आता खुर्चीवर पाक मातला बसवा. तोवर करार संपत आला होता, हेलनबाईंची दुसऱ्या विभागात बदली झाली होती, आणि वंदनाचं वाक्य पडद्यावर आपोआप यायला लागलं होतं, रिकाम्या जागेत 'सर्व' असं भरून. एल्डरची खुर्ची कुणालाच नको होती. ती स्टोअरला आली. पाक मात आता खिडकीमागे तिच्यावरच बसतो. मूळ रहिवासी शेवटी बसला, फक्त समोर टाळ्या वाजवायला कुणी नाही, आणि त्याचं त्याला काही नाही.

एवढं लिहून मी कागद सुमनकडे दिले. तिनं सगळं टाईप केलं, फोनकार्डपर्यंत आली आणि थांबली. चष्मा काढून पुसला. म्हणाली, "बाबा, इथं तुमचं उत्तर नाही. हे असंच ठेवायचं?"

मजकुराला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पण एवढी वर्षं झाली, आणि आता कार्डही संपणार नव्हतं.

"लिही," मी म्हटलं. "तिथं समितीत सगळ्यांना मराठी येत होतं."